केसरीनाथने रोहिणी मोजली

भिवंडीतल्या कामतघरच्या त्या आळीत प्रत्येकाची थट्टा ठरलेली होती. कुणाचं पोट, कुणाचं टक्कल, कुणाची तिसऱ्यांदा दहावीला बसलेली लेक. केसरीनाथ भोईराच्या बाबतीत मात्र आळीची पंचाईत झाली होती. माणूस पिणारा नाही, बायकोशी भांडण नाही, पंचेचाळिशी उलटली तरी पोट सुटलेलं नाही. चिमटा काढायला मांसच नाही. बरीच वर्षं आळीने हा अन्याय सोसला. मग २००१ सालच्या हिवाळ्यात केसरीनाथलाच आळीची दया आली आणि तो गच्चीवर जाऊन तारे तपासू लागला.

तपासू लागला, हाच शब्द बरोबर. नुसता बघत नव्हता. नोकरीच त्याची तशी होती.

फखरुद्दीनशेठच्या कारखान्यात रंगीत सुताचं शर्टिंग विणलं जाई आणि केसरीनाथ तिथे चेकर होता. सुताची प्रत्येक रंगणी थोडी वेगळी उतरते. आजचा मरून आणि पुढच्या आठवड्यातला मरून एका आईची लेकरं असली तरी जुळी नसतात. म्हणून दर रंगाचा एक तुकडा कपाटात, कुलपात, काळ्या कागदात गुंडाळून ठेवलेला असे. त्याला म्हणायचं मास्टर. लूमवरून कापडाचा ताका उतरला की टेबलावर पसरायचा, शेजारी मास्टर ठेवायचा, आणि केसरीनाथ सांगायचा, ‘पंधरा आणे.’ मास्टर म्हणजे सोळा आणे. पंधरा ते सतरा पास, त्याच्या बाहेर गेला तो नापास. हे आणे कुठल्या यंत्रात नव्हते, केसरीनाथच्या डोळ्यांत होते. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी चार वेळा त्याच्या आण्यांशी भांडण केलं आणि चारही वेळा तोंड पाडून परत गेले.

त्याच्या कामाचे काही नियम होते. ते त्याला त्याच्या आधीच्या चेकरने शिकवले होते आणि त्याला त्याच्या आधीच्याने. लालाला लालच लावून बघायचं, पांढऱ्याशी लाल ताडायचं नाही. लालावर नजर खिळवायची नाही. झटकन बघायचं, मध्ये भिंतीकडे बघायचं, पुन्हा झटकन, कारण टक लावली की लाल डोळ्यात फुगत जातो. आणि मास्टर एकच. दोन मास्टर ठेवणाऱ्या चेकरला दोन बायका करणाऱ्या माणसाएवढंच सुख मिळतं.

त्या काळात भिवंडीत लोडशेडिंग असं होतं की वीज आली तर बातमी व्हायची. संध्याकाळी सात ते साडेनऊ ठरलेलं. लूम बंद पडायचे, सगळ्या गावाचा खडखडाट एकदम थांबायचा आणि कानांत शिट्टी वाजल्यासारखं व्हायचं. खोलीत डास आणि उकाडा म्हणून आळी गच्चीवर यायची. डिसेंबरातल्या अशाच एका संध्याकाळी केसरीनाथ उताणा पडला होता. दिवे नसल्यामुळे सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ देणाऱ्या कारखान्याच्या, चिमणीच्या वर तारे पिंजलेल्या कापसासारखे पसरले होते. त्यात त्याला दोन तांबूस तारे दिसले. एक डोक्याच्या बाजूला, एक जरा खाली पूर्वेकडे. त्याने सवयीने झटकन एक बघितला, मध्ये टाकीकडे बघितलं, मग दुसरा बघितला. आणि म्हणाला, ‘बारा आणे.’

‘काय बारा आणे?’ शेजारच्या चटईवरून अनंता मास्तरने विचारलं.

अनंता मास्तर शेजारच्याच खोलीत राहायचा आणि शाळेत विज्ञान शिकवायचा. आळीतल्या सगळ्या थट्टा त्याच्याच कारखान्यातून बाहेर पडायच्या. त्यात लोडशेडिंग नव्हतं.

‘तो वरचा लाल, खालच्या लालापुढं बारा आण्याचा हाय,’ केसरीनाथ म्हणाला.

‘वरची रोहिणी,’ मास्तरने सांगितलं. ‘खालची काक्षी. मृगाच्या खांद्यावरची. बारा आणे काय म्हणतोस रे, केसऱ्या? ताऱ्यांचा ताका लावलास काय?’

मास्तर हसला, आसपासच्या चटया हसल्या. केसरीनाथने मात्र दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली. काक्षी मोठी, ठळक, रंगाने लाल. तिला त्याने मास्टर ठरवलं. काक्षी सोळा आणे. मग तिच्यापुढे रोहिणीचं तेज रोज किती आण्यांचं ते लिहायचं. तारीख, वेळ, हवा स्वच्छ की धुरकट, आणि आणे. चेकरच्या वहीत असतं तसंच. आणि महिनाभरात त्याच्या ध्यानात असं आलं की रोहिणी बारा आण्यांवर थांबत नाही. जानेवारीत तेरा झाली. फेब्रुवारीत साडेतेरा. पुढच्या हिवाळ्यात अकरावर उतरली.

रोहिणी कमी-जास्त होते! भिवंडीतल्या कुणालाही न दिसलेली गोष्ट त्याला दिसली होती. त्याला वाटलं, कदाचित ती लांब जात असेल, परत येत असेल. म्हणून त्याने मास्तरला विचारलं, ‘मास्तर, ती किती लांब हाय ह्ये कसं कलतं?’

मास्तर त्या संध्याकाळी खुशीत होता. त्याने केसरीनाथला उभं केलं, हाताचा अंगठा चिमणीसमोर धरायला लावला. ‘डावा डोळा मीट. आता उजवा मीट. अंगठा सरकला की नाही?’

‘सरकला.’

‘अंगठा जवळ आण. आता?’

‘आता लई सरकतो.’

‘झालं तर. जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. दोन डोळ्यांतलं अंतर आपल्याला ठाऊक, सरकलं किती ते मोजलं की अंगठा किती लांब ते गणिताने निघतं. ताऱ्याला आपले दोन डोळे पुरत नाहीत. म्हणून पृथ्वीचे डोळे वापरायचे. जानेवारीत सूर्याच्या या बाजूने बघायचं, जुलैत त्या बाजूने. मधल्या सहा महिन्यांत जवळचा तारा मागच्या ताऱ्यांपुढे केसभर सरकतो. केसभर म्हणजे पडघ्याला धरलेला केस तू इथून बघायचास, एवढासा. तेवढ्यावरून अंतर. रोहिणी पासष्ट वर्षं लांब.’

‘वर्सं?’

‘उजेडाला यायला लागणारी वर्षं. तू आज जिचे आणे मोजतोस ना, तो उजेड स्वातंत्र्याच्या दहा वर्षं आधी निघालाय. तेव्हा तुझ्या शेठच्या आजोबाकडे हातमाग होते.’

केसरीनाथने थोडा विचार केला. ‘म्हंजे जुना स्टॉक. आनि काक्षी?’

‘ती चार-पाचशे वर्षं. तिच्या बाबतीत अजून मोठ्या लोकांचं भांडण चाललंय, इतकी कमी सरकते ती.’

‘मंग काक्षी एवढी लांब असून रोहिणीपेक्षा जास्त उजेड देते. जवल आनली तर?’

मास्तर चपापला. वर्गातल्या साठ पोरांपैकी एकानेही वीस वर्षांत हे विचारलं नव्हतं. ‘पन्नास-साठ पटींनी भारी निघेल,’ तो म्हणाला. ‘दिसतं ते एक आणि असतं ते एक. कोपऱ्यावरचा बल्ब आणि हायवेवरचा हॅलोजन. अंतर ठाऊक झाल्याशिवाय कोण किती पाण्यात ते कळत नाही.’ आणि मग, हुशार माणसाने शिष्याला शाबासकी द्यायच्या जागी जे करायचं असतं ते त्याने केलं. गच्चीवरच्या बायकांना हाक मारून सांगितलं, ‘कमळवहिनी, सांभाळा. नवरा एका बाईचं वय विचारतोय आणि दुसरीचं वजन!’

तेव्हापासून रोहिणी ही केसरीनाथची बाई झाली. नळावर कमळला विचारलं जाई, ‘सवत आली का गं वर?’ ढग आले की पानवाला केसरीनाथला विचारी, ‘आज माहेरी गेली वाटतं?’ केसरीनाथ नुसता हसायचा. त्याला वाटायचं, चेष्टा करतात म्हणजे विचारपूसच करतात.

तिसऱ्या हिवाळ्यात मास्तरने एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत दोन ओळी वाचल्या. मृगातली काक्षी हा तारा अस्थिर आहे, त्याचं तेज कमी-जास्त होत असतं. मास्तर चहाचा कप हातात धरून तसाच बसला. मग त्याला हसू फुटलं. ते इतकं फुटलं की चहा लेंग्यावर सांडला. केसऱ्याचा मास्टरच नासका! रोहिणी बिचारी जागच्या जागी बसलेली, आणि ज्या फूटपट्टीने तो तिला मोजतोय ती फूटपट्टीच रबराची. काक्षी मंदावली की रोहिणीचे आणे वाढायचे, काक्षी भडकली की रोहिणी उतरायची.

सांगायला भिंतीपलीकडे जायचं होतं, फार तर सात पावलं. मास्तर सात पावलं चालला, पण उलट्या दिशेने, पानवाल्याकडे. तिथून ते नळावर गेलं. तिथून आळीभर. आणि आळीने एकमताने ठरवलं की केसरीनाथला सांगायचं नाही. सांगितलं की खेळ संपला. लोडशेडिंगमध्ये टीव्ही बंद असतो, माणसांनी अडीच तास करायचं काय?

पुढची तीन वर्षं खेळ रंगला. ‘केसरीनाथ, आज रोहिणी किती?’ ‘साडेचौदा.’ ‘वा! अंगावर आलीय!’ आणि अंधारात कुणीतरी उशीत तोंड खुपसायचं. केसरीनाथ टाकीला टेकून वहीत लिहायचा, टॉर्चवर त्याने मरून कापडाची चिंधी बांधलेली असायची म्हणजे डोळे दिपू नयेत. एकही संध्याकाळ त्याने अंदाजाने भरली नाही. ढग असले तर लिहायचा, ‘ढग. तपासणी नाही.’

२००६ च्या डिसेंबरात कारखान्यात बोंब झाली. मुंबईच्या पार्टीने मालाचा एक गठ्ठा परत पाठवला. एकाच गठ्ठ्यात दोन तऱ्हेचे मरून. फखरुद्दीनशेठने दोन्ही ताके टेबलावर आपटले.

‘केसरी, ये क्या है? आंधळ्याला पण दिसतंय. तुझा शिक्का आहे याच्यावर.’

शिक्का केसरीनाथचा होता, पण ताका त्याच्या टेबलावर आलाच नव्हता. घाईच्या दिवशी शेठच्या भाच्याने, खालिदने, परस्पर शिक्का मारून गाडी भरली होती. हे केसरीनाथला ठाऊक होतं, खालिदला ठाऊक होतं, आणि शेठला ठाऊक नव्हतं असं मानायला शेठ काही बावळट नव्हता. पण बहिणीचा मुलगा तो बहिणीचा मुलगा.

‘माजी नजर गेलेली न्हाय, शेठ,’ एवढंच केसरीनाथ म्हणाला.

‘पन्नाशी आली तुझी. डॉक्टरचा कागद आण. नाहीतर टेबलावर खालिद बसेल. तुला पडघ्याच्या गोडाऊनला घालतो.’

‘डाक्टर अक्षरं वाचाया लावतो. रंगाचं त्याला काय कलतं?’ आणि केसरीनाथने आयुष्यात पहिल्यांदा फुशारकी मारली. ‘शेठ, माज्यापाशी पाच वर्सांच्या वह्या हायती. आकाशातल्या ताऱ्याचा आणा-अर्धा आणा फरक मी पकडलाय. ठाण्याला तारे बघनाऱ्या शिकल्या-सवरल्या लोकांचं मंडल हाय. त्यांचा कागद आनला तर चालंल?’

शेठला लेटरहेडचं भारी वेड. ‘छापील कागद? शिक्क्याचा? आण. फेब्रुवारीपर्यंत टेबल तुझं.’

म्हणजे आता सगळं त्या एका कागदावर होतं. बावीस वर्षांचं टेबल, कपाटाची किल्ली, आणि ‘आणे किती?’ म्हणून लोकांनी ज्याच्या तोंडाकडे बघायचं ती जागा. केसरीनाथ थेट मास्तरकडे गेला. वह्यांचा पाच पानी गोषवारा काढून इंग्रजीत पत्र लिहून द्या म्हणाला. सगळी गोष्टही सांगितली, शेठचं, खालिदचं, पडघ्याचं.

मास्तरच्या हाताखाली कोरा कागद होता. एक वाक्य बोलायचं होतं. ते त्याच्या जिभेवर आलंही असेल. पण जिभेवर त्याच्या आधीपासून दुसरंच काही मुक्कामाला असायचं.

‘पाठवू या की!’ तो म्हणाला. ‘ठाणं हादरलं पाहिजे, केसरीशेठ!’ आणि त्याने सुंदर अक्षरात लिहिलं, की श्री. केसरीनाथ भोईर यांनी काक्षी हा पक्का तारा मानून रोहिणीचे बदल सिद्ध केले आहेत.

उत्तर फेब्रुवारीत आलं. जाड पाकीट, वर मंडळाचा छाप. केसरीनाथने ते फोडलंच नाही. शनिवारी मास्तरची शाळा लवकर सुटायची, त्याला हाताला धरून तो कारखान्यात घेऊन गेला. इंग्रजी खालिदलाही येत होतं, पण ते खालिदच्या तोंडून ऐकायला केसरीनाथ तयार नव्हता. त्याला वाचायला आपला माणूस हवा होता.

जेवणाची सुट्टी होती. लूम थांबलेले, कारागीर डबे आटोपून टेबलाभोवती जमलेले. शेठ खुर्चीवर, खालिद मागे मोबाइल चाळत. केसरीनाथ आपल्या स्टुलावर ताठ बसला. मास्तरने पाकीट फोडलं. आत दोन कागद निघाले. दोन्हींवरून त्याची नजर फिरली, एक क्षण भुवया वर गेल्या. मग दुसरा कागद त्याने घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला. सगळे पहिल्या कागदावरच्या रंगीत छापाकडे बघत होते. केसरीनाथही.

‘मराठीत सांगतो,’ मास्तरने घसा साफ केला. ‘श्रीयुत भोईर, आपला गोषवारा मिळाला. आपण रोहिणीविषयी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. रोहिणीचं तेज जवळपास स्थिर असतं, साध्या डोळ्यांना कळेल इतकं ते बदलत नाही. आपण जिला पक्की धरलीत ती काक्षीच मुळात कमी-जास्त होते. त्यामुळे रोहिणीविषयीच्या आपल्या पाचही हिवाळ्यांच्या नोंदी आम्हाला स्वीकारता येत नाहीत. कळावे. खाली सही, रुचिका अमुकतमुक, चिटणीस.’

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागून एका भय्याने सगळ्यांसाठी अर्थ लावला, ‘मतलब बीवी सीधी थी, पड़ोसन चालू थी!’

कारखाना हसला. भिंतीला टेकलेले हसले, जमिनीवर बसलेले हसले, खालिदने तर टेबलावर थापा मारल्या. मास्तर सगळ्यांत शेवटी हसला आणि सगळ्यांत जास्त वेळ. तीन वर्षं जपून ठेवलेलं हसू होतं ते.

शेठ मात्र हसला नाही. धंद्याची गोष्ट आली की त्याचं हसू आटायचं. ‘केसरी,’ तो हळूच म्हणाला, ‘पाच साल गलत मास्टर?’

केसरीनाथने तोंड उघडलं. नजरेचा आणि मास्टरचा संबंध नाही, नजर बरोबरच होती, असं काहीतरी त्याच्या घशाशी आलं. पण तो चेकर होता. दुसऱ्या कुणी असा ताका आणला असता तर त्याने काय केलं असतं? ज्याने मास्टर न पारखता पाच वर्षं माल तपासला त्याला टेबलाजवळ उभं केलं असतं? त्याने मनाशी ताडून बघितलं. मग तो स्टुलावरून उतरला, कमरेची कपाटाची किल्ली काढली आणि खालिदच्या पुढ्यात ठेवली. कुणी मागितली नव्हती.

‘पडघ्याला सोमवारपासून जा,’ शेठ म्हणाला. ‘तिथे रंग बघायचा नाही. गठ्ठे उतरवून घ्यायचे.’

परतताना वऱ्हाळ्याच्या तळ्याच्या कडेने दोघं चालले होते. केसरीनाथने विचारलं, ‘मास्तर, तुमाला काक्षीचं ठाव व्हतं?’

‘अरे, सगळ्या आळीला ठाऊक होतं!’ मास्तर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला. ‘तीन वर्षं झाली. तू असा रंगात यायचास, कुणाचं मन होणार सांगायचं? तू पण काय लगेच तोंड पाडतोस! गोडाऊनला आरामच आहे.’

घरी कमळ भाकऱ्या थापत होती. तो दारातच उभा राहिला. ‘तुला बी ठाव व्हतं?’

कमळने तव्यावरून नजर उचलली नाही. ‘नळावर बोलाच्या बाया. मना वाटलं, तुमी वर खुशीत असता. कशाला सांगू?’

चेकरचा आणखी एक नियम आहे. चुकीच्या मास्टरवर पास झालेला माल गोडाऊनात ठेवायचा नाही. तो उभा फाडायचा, म्हणजे कुणी चांगला म्हणून विकू नये. त्या संध्याकाळी केसरीनाथने पाच वह्या आणि सहावी अर्धी भरलेली गच्चीवर नेली आणि एकेक पान उभं फाडलं. रागाने नाही. राग असता तर चुरगाळली असती. त्याने पट्ट्या केल्या, सरळ, सारख्या रुंदीच्या. तारखा एकीकडे, आणे एकीकडे. शेजारच्या चटईवरून कुणीतरी विचारलं, ‘काय, काडीमोड?’ त्या पट्ट्यांवर कमळचा पाण्याचा बंब आठवडाभर पेटला.

मार्चमधल्या एका रविवारी एक पंचविशीची मुलगी आळीत रिक्षातून उतरली. पाठीला पिशवी, हातात गुंडाळलेला आलेखाचा कागद. ‘भोईरकाका कुठे राहतात?’ तिने विचारलं आणि आळीतली निम्मी माणसं तिला पोचवायला आली.

‘मी रुचिका, ठाण्याहून. तुमचं उत्तर का आलं नाही?’ ती खाटेवर बसत म्हणाली. ‘मी आठवडाभर वाट बघितली, मग अजून दोन आठवडे. शेवटी म्हटलं आपणच जाऊ. वह्या द्याल ना?’

‘वह्या नाकारल्या ना तुमी,’ केसरीनाथ म्हणाला.

‘नाकारल्या? काका, दुसरं पान नाही का वाचलंत?’

तिने आलेख खाटेवर पसरला. ‘हे बघा. तुम्ही काक्षीला सोळा आणे धरलंत आणि रोहिणी मोजलीत. मी उलटं केलं. रोहिणी कायम, आणि तुमचे आकडे उलटून काक्षी मोजली. ही तुमच्या गोषवाऱ्यातली दर महिन्याची रेघ. आणि ही परदेशात लोक दुर्बिणीला यंत्र लावून काक्षी मोजतात त्यांची रेघ.’

दोन रेघा होत्या. एक निळी, एक लाल. पाच हिवाळे त्या एकमेकींच्या अंगाला अंग लावून वर-खाली गेल्या होत्या. केसरीनाथने सवयीने झटकन एक बघितली, भिंतीकडे बघितलं, मग दुसरी. सव्वापंधरा आणे. पंधराच्या खाली कुठेच नाही.

‘नुसत्या डोळ्यांनी!’ रुचिका म्हणाली. ‘आमच्या मंडळात एकाला जमत नाही. म्हणून तारखेवार वह्या हव्यात. त्या मिळाल्या की तुमच्या नावाने नोंदी त्या परदेशातल्या लोकांकडे जातील. सरळ काक्षीच्या नोंदी म्हणून.’

‘फाडल्या,’ केसरीनाथ म्हणाला.

‘काय?’

‘मास्टर चुकीचा व्हता. मंग फाडायाच लागतात.’

रुचिका खाटेवरून उठली. मग तिचा आवाज चढला, ‘पण कुणी सांगितलं फाडायला? मी स्पष्ट लिहिलं होतं, वह्या जपून ठेवा! कुणी वाचलं ते पत्र?’

दारातली गर्दी मास्तरकडे वळली. मास्तरने सदऱ्याचा खिसा चाचपला. हा सदरा दुसरा होता. घरात जाऊन त्याने धुतलेल्या सदऱ्यातून कागद आणला, घडीवर जरासा विरघळलेला. ‘राहूनच गेलं बघा वाचायचं,’ तो म्हणाला.

‘वाचा आता,’ केसरीनाथ म्हणाला.

‘आता काय त्याचं...’

‘वाचा, मास्तर.’

मास्तरने वाचलं. भोईरांचे आकडे उलटे केल्यास काक्षीच्या तेजाच्या उत्कृष्ट नोंदी मिळतात. लाल ताऱ्याकडे टक न लावता झटकन बघण्याची त्यांची पद्धत अनुभवी निरीक्षकाला शोभणारी आहे. अशी नजर आम्ही पाहिलेली नाही. मूळ वह्या कृपया जपून ठेवाव्यात. वाचून झालं तेव्हा दारात कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही सापडत नव्हतं म्हणून आळी जरा अवघडली होती.

‘त्या दिशी का न्हाय वाचलात?’ केसरीनाथने विचारलं.

मास्तरला प्रश्न खरोखर कळला नसावा. त्याने हात पसरले. ‘अरे, सगळे हसत होते. मध्येच कसं वाचणार?’

रुचिकाने आलेख गुंडाळला. तारखांशिवाय नोंदी जाणार नाहीत, ती म्हणाली, गोषवाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, नियमच आहे. पुढच्या हिवाळ्यापासून नव्याने लिहा, काका. केसरीनाथने मान हलवली. तेव्हा विजेची नवी कंपनी आली होती आणि आळीच्या तोंडाशी दोन मोठे दिवे बसवून गेली होती. संध्याकाळी लोडशेडिंग कमी झालं होतं. गच्चीवरून रोहिणी शोधावी लागत होती. हे त्याने तिला सांगितलं नाही. रिक्षापर्यंत पोचवायला मात्र गेला.

सोमवारी पडघ्याचा टेम्पो सुटायच्या आधी तो दुसरा कागद घेऊन शेठसमोर उभा राहिला. शेठने खालिदला वाचायला लावलं. खालिदने प्रामाणिकपणे वाचलं, एक शब्द गाळला नाही. शेठने दाढी खाजवली.

‘अच्छा लिखा है. नजर बिलकुल ठीक. वह्या आण, बघू तरी.’

‘वह्या फाडल्या, शेठ.’

‘फाडल्या? मग हे कशावरून?’ शेठने कागद उलटा करून मागची कोरी बाजू दाखवली. त्याच्या आवाजात खोट नव्हती, तो नेहमी माल घेताना विचारायचा तसंच विचारत होता. ‘केसरी, तूच सांग. माल नाही, नुसती चिठ्ठी आलीय. तू टेबलावर असतास तर चिठ्ठीवर माल पास केला असतास?’

केसरीनाथने वेळ घेतला. टेबलावर घ्यायचा तेवढाच.

‘न्हाय,’ तो म्हणाला.

‘बस्स,’ शेठ म्हणाला आणि कागद त्याला परत दिला.

टेबलावर मरूनचा नवा ताका पसरलेला होता. शेजारी मास्टर पडला होता, काळ्या कागदाशिवाय, ट्यूबलाइटखाली. तीन आठवडे असाच पडलेला असावा, एका कडेने त्याचा रंग उडाला होता. खालिदने शिक्का हातात घेतला. आजूबाजूचे कारागीर बघत आहेत हे बघून त्याने डोळा मारला.

‘बोला काका. कितने आने?’

केसरीनाथ जाता-जाता थांबला. त्याने झटकन ताका बघितला, मग भिंत, मग मास्टर, मग पुन्हा भिंत.

‘ताका साडेतेरा,’ तो म्हणाला. ‘मास्टर बारा. तो बदल.’

यावर जे हसू उसळलं ते फेब्रुवारीतल्या हसण्यापेक्षाही मोठं होतं. ‘मास्टर बारा!’ कुणीतरी ओरडलं. ‘अब ये भी चालू निकली!’ डोळे पुसत खालिदने शिक्का शाईत दाबला आणि ताक्यावर मारला. बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता. केसरीनाथ मागे गठ्ठ्यांवर चढून बसला.